रजेतलं घर

आमच्या घरात सध्या सगळे दबक्या पावलांनी चालतात. माझ्या धाकट्या भावाची, मंदारची, दहावी आहे. बाबांनी परवा सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. रेडिओवर कापड टाकलं. दुपारी ते स्वतः लिंबू पिळून सरबत करतात आणि ग्लास त्याच्या टेबलावर इतक्या हळू ठेवतात, की जणू सुरुंग ठेवताहेत. मंदार गुणी मुलगा आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या बिजागऱ्या मला सहन होत नाहीत. दार आवाज न करता उघडलं की मी उठून गॅलरीत जाते.

गॅलरीत तोच वास असतो. मार्च लागला की वाशीत संध्याकाळी वारा फिरतो. आधी खाडीचा ओला, खारा वास येतो आणि मागून रबाळ्याच्या कारखान्यांचा, पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर. ऐरोलीकडे या दिवसांत मिठागरांत मिठाचे ढीग लागलेले असतात. उन्हात त्यांच्याकडे बघवत नाही. दहावीत मी जे शिकले त्यातलं बरंच विसरले. हा वास मात्र आला, की भूमितीचं पुस्तक समोर उघडं दिसतं आणि त्याच्या पलीकडे आईची बोटं.

मी आठवीत असताना आम्ही इथे आलो तेव्हा सोसायटी नवीन होती. जिन्यात ओल्या चुन्याचा वास होता, आणि समोरच्या रिकाम्या प्लॉटवर घाणेरीची झुडपं माजली होती. बाबा सैन्यात सुभेदार. त्यांना फील्ड पोस्टिंग मिळालं. अशा ठिकाणी कुटुंब नेता येत नाही. साताऱ्याकडच्या गावी राहावं असं काकांचं म्हणणं होतं, पण तिथे इंग्रजी शाळा नव्हती, आणि दर बदलीला गाव आणि भाषा बदलत गेल्यामुळे आम्हा मुलांना शाळेची एकच भाषा सलग येत होती, इंग्रजी. म्हणून बाबांनी आम्हाला इथे आणून ठेवलं आणि ते गेले. छावणीत असताना शेजारच्या सगळ्याच घरांतला बाप कुठेतरी लांब असायचा. कुणी आजारी पडलं की पलीकडची बाई पातेलं घेऊन यायची, दवाखाना भिंतीला लागून असायचा. वाशीत आम्ही ‘दुसऱ्या मजल्यावरचे फौजी’ झालो. सव्वीस जानेवारीला सोसायटीचे सेक्रेटरी झेंड्याची दोरी माझ्या हातात द्यायचे. बाकी वर्षभर त्यांना आमची गरज नसे, आणि आम्हाला कुणाची गरज आहे हे त्यांना माहीत नसे.

त्याच वर्षी आईला संधिवात सुरू झाला. आधी बोटं, मग मनगटं. सकाळी तिच्या मुठी उघडतच नसत. मी उठून पाणी तापवायची, घमेल्यात ओतायची, ती हात बुडवून बसायची आणि मी तोवर मंदारचा डबा करायची. ब्लाउजचे हुक, परकराची नाडी, औषधाच्या बाटलीचं झाकण, कणीक, ओले कपडे पिळणं. जे जे बोटांनी होतं ते सगळं हळूहळू माझ्याकडे आलं. कुणी मला ते दिलं नाही. एका सकाळी तिला झाकण निघेना, ते मी काढून दिलं, आणि मग ते माझंच झालं.

आमच्यासारख्या घरांत एक रीत असते. ती कुणी शिकवत नाही, पण चुकतही नाही. फील्डवरच्या माणसाला वाईट काही कळवायचं नाही. छप्पर गळलं, मूल नापास झालं, म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, काहीही असो. पत्रात ‘इकडे सर्व खुशाल’. आई म्हणायची, “तिकडे त्यांचं लक्ष इकडे लागून चालणार नाही. पाय कुठे पडतोय ते बघायचं असतं त्यांना.” तिच्या हातात पेन धरवेनासं झालं तेव्हा तिने बाबांना माझ्याकडूनच लिहवलं, की पोरीचं मराठी कच्चं आहे, म्हणून यापुढे पत्रं तिच्या हातची येतील. बाबांना ते फार आवडलं. माझं मराठी खरंच त्या पत्रांनी सुधारलं. ‘खुशाल’ हा शब्द मी झोपेतही शुद्ध लिहू शकले असते.

दहावीच्या फेब्रुवारीत बाबांचं उत्तर आलं. परीक्षेच्या सुमाराला रजा मिळतेय, आणि यंदा पुण्याचं जमेलसं दिसतंय. पुण्याला ट्रेनिंग सेंटरमध्ये जागा रिकामी होणार होती. क्वार्टर मिळेल, लष्करी हॉस्पिटल जवळ, आणि बाबा रोज संध्याकाळी घरी.

मी फार काही मागणारी मुलगी नव्हते. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नसे. पण पुणं मी मागितलं, मनातल्या मनात, रोज. घमेल्यातलं पाणी बदलताना मी क्वार्टरच्या खिडक्यांना पडदे लावत होते. बाबा समोर असले की सांगावंही लागणार नाही, ते आपोआप बघतील. डॉक्टर आईला तपासतील. आणि मी अकरावीला सायन्स घेऊन लांबच्या कॉलेजात जाईन, प्रॅक्टिकलला संध्याकाळपर्यंत थांबेन, उशिरा घरी येईन. उशिरा घरी येणं ही माझी चैनीची कल्पना होती.

म्हणून रजेत काही बोलायचं नाही असं आईने सांगितलं तेव्हा मी लगेच मान डोलावली. “दोन महिने तर येतात. त्यांनी तिकडून थकून यायचं आणि इथे माझं रडगाणं ऐकायचं? पुण्याला गेल्यावर बघू.” मलाही ते पटलं. पुणं येतच होतं.

बाबा यायच्या आदल्या दिवशी तिला बांगड्या भरायच्या होत्या. सुजेमुळे तिने जुन्या कधीच काढून ठेवल्या होत्या, पण नवरा येणार आणि हात मोकळे, हे तिला चालणार नव्हतं. आम्ही दार लावून मोरीत बसलो. मी तिच्या हाताला साबण लावला आणि बांगडी सांध्यावरून सरकवायला लागले. ती भिंतीकडे बघत होती.

“थांबू?”

“थांबलीस तर परत तेवढंच दुखेल. ढकल.”

मी ढकलली. एक फुटली, तिने दुसरी पुढे केली. शेवटी दोन्ही हात हिरवे दिसायला लागले तेव्हा ती म्हणाली, “बघ, झालं की नाही.” आणि मंदारला हाक मारून फुटलेल्या काचा उचलायला लावल्या.

बाबा आले की घर बदलतं. त्यांचा आवाज मोठा, हसणं मोठं, ट्रंकेतून अक्रोड निघतात, जर्दाळू निघतात. सकाळी ते खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून धूळ बघायचे आणि आम्हा दोघांना रांगेत उभं करायचे.

“राशन?”

“हाजिर साब,” मंदार ओरडायचा.

“पानी?”

“भरून झालं साब.”

“और हमारी क्वार्टर मास्टर? पढाई हो गई?”

“हो,” मी म्हणायची. ती झालेली नसायची.

आईचं सगळं आवरून मी पुन्हा अंथरुणात शिरायची आणि मग बाबा उठायचे. त्यांना आई साडी नेसून, बांगड्या घालून ओट्यापाशी उभी दिसायची. तिने भांड्याकडे हात नेण्याआधी माझा हात तिथे असायचा. हे आम्हाला इतकं जमायला लागलं होतं, की बघणाऱ्याला वाटावं, मुलगी आईच्या मागेमागे करते, लाडकी आहे. बाबांना तसंच वाटलं. “तुमची जोडी म्हणजे एक मशीनगन, दोघींचा क्रू,” असं ते एकदा म्हणाले.

त्याच दिवसांत गच्चीवर बायकांचे पापड चालले होते. खालच्या मजल्यावरच्या सोमण काकू मला जिन्यात गाठायच्या. “काय गं, आई येत नाही ती वर? साहेब आले म्हणून भाव खातेय होय? सांग तिला, पापड लाटून फौजेची इज्जत जात नाही.” मी हसायची. माझं ते हसणं मला अजून आठवतं आणि अजून आवडत नाही. दारावर येणारी एक आगरी मासळीवाली होती, ती तेवढी टोपली उतरवून घराच्या आत डोकावायची. “आयस दिसत नाय गो तुजी. बरी हाय ना?”

“बरी आहे.”

“मंग मासली तूच साफ करनार? परीक्षा हाय ना तुजी?”

“आहे ना. घाई आहे. किती झाले?”

परीक्षेआधी शाळा चालू होती तोवर मी शाळेत उशिरा पोचायची. शाळा चालत जाण्याजोगी होती तरी ‘बस, मिस’ असं सांगून मी वर्गाबाहेर उभी राहायची. एकदा त्याच मिसनी सगळ्या वर्गासमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “आर्मी चिल्ड्रन आर सो ब्रेव्ह.” वर्गाने टाळ्या वाजवल्या. मला आठवतं, मी त्या क्षणी डब्यातल्या न चिरलेल्या काकडीचा विचार करत होते. शूर म्हटलं की माणसाला पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. तो शब्द तसाच दिला जातो, दार लावून घ्यावं तसा.

गणिताचे पेपर झाले आणि मधे रविवार आला. दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. बाबा खुशीत होते. कालवणाची वाटी आपल्याकडे ओढून ते म्हणाले, “हां, एक सांगायचं राहिलं. पुण्याची जागा मी शिंदेंना सोडली.”

शिंदे म्हणजे त्यांच्याच पलटणीतले दुसरे सुभेदार.

“अहो, म्हणजे?” आई म्हणाली.

“म्हणजे काय, जागा एक आणि नावं दोन. त्याची बायको सारखी आजारी असते. घरून हप्त्याला पत्र, हे दुखतं, ते दुखतं, पोरांना कोण बघणार. बिचारा जेवत नाही धड. मी निघायच्या आधी सी. ओ. साहेबांसमोर गेलो. म्हटलं, साहेब, त्याला जाऊ द्या. मेरा घर एकदम फिट है. मी आणखी एक टेन्युअर फील्डला काढतो.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “क्वार्टर मास्टर आहे ना माझी. येऊन बघितलं आणि वाटलं, बरोबरच केलं.”

“बरं केलंत,” आई म्हणाली. “त्यांना गरज आहे.”

तिने हे खरोखर मनापासून म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मला तेव्हा तिचा जेवढा राग आला तेवढा बाबांचाही आला नाही. शिंदेबाईंनी सांगितलं, त्यांना पुणं मिळालं. आम्ही लपवलं, इतकं छान लपवलं, की आमच्या वाटचं पुणं आम्हीच त्यांना बांधून दिलं. मी कधी न पाहिलेल्या त्या बाईचाही मला राग आला, आणि तिचा तर काहीच दोष नव्हता.

“वरण वाढ गं जरा,” बाबा आईला म्हणाले.

वरणाचं पातेलं आमच्या दोघींच्या मधे होतं. एरवी माझा हात एव्हाना तिथे पोचला असता. मी हात मांडीवर ठेवले. आईने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघत राहिले. मग एकटी असताना ती जसं उचलायची तसं, दोन्ही मनगटांच्या मधे धरून तिने पातेलं उचललं. ते बाबांच्या ताटापर्यंत गेलं आणि तिथे कलंडलं.

वरण चटईवर पसरत गेलं. कुणी उठलं नाही.

“काही नाही, हात ओला होता,” आई म्हणाली.

बाबांनी तिचा हात धरला आणि उलटा केला. रजेवर येऊन त्यांना कितीतरी दिवस झाले होते, आणि हा हात ते पहिल्यांदा बघत होते. त्यांनी एक बोट सरळ करून पाहिलं. ते झालं नाही.

“हे कधीपासून?”

“उन्हाळ्याने सूज येते.”

“बाबा, ताई रोज आईचे हुक लावते,” मंदार म्हणाला. तो लहान होता, त्याला वाटलं तो मदत करतोय. “आणि बांगड्या साबणाने घातल्या. मी काचा उचलल्या.”

बाबा माझ्याकडे वळले. “तू का नाही सांगितलंस?”

आजवर मी या प्रश्नाची शंभर उत्तरं तयार केली आहेत, काही इंग्रजीत, काही मराठीत. तेव्हा एकच सुचलं. “मला कुणी विचारलं नव्हतं,” मी म्हणाले आणि फडकं आणायला उठले.

त्यानंतर बाबांनी जे करता येईल ते केलं, हे मला मान्य आहे. तार केली. उत्तर आलं, की ऑर्डर निघाली, शिंदे सामानासकट पुण्याला पोचले. मग ते खाली सोमण काकूंकडे गेले आणि उभ्याउभ्या सगळं सांगून आले. संध्याकाळी काकू डब्यातून पापड घेऊन आल्या. त्या आईला बिलगून रडल्या आणि आई त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिली. तिचं दुखणं जिन्यातून खालीवर झालं होतं. ते मी केलं होतं. ती माझ्याशी बोलेनाशी झाली. सकाळी हुक लावायला पाठ करायची, झालं की न बोलता जायची.

छावणीत असताना बाबांनी मला एकदा पहारा कसा चालतो ते समजावलं होतं. पहारेकऱ्याला ठरल्या वेळी बदली मिळते. दुसरा माणूस येऊन समोर उभा राहतो, तेव्हाच पहिला हलतो. कुणालाही रात्रभर एकटं उभं करत नाहीत, कितीही शूर असला तरी. इतकी साधी गोष्ट इतक्या मोठ्या फौजेला कळते. ती आमच्या दोन खोल्यांत कुणालाच कळली नाही.

आता बाबा रिटायर झालेत. रबाळ्याच्या एका कारखान्यात सिक्युरिटीचं काम बघतात, आणि कामावर जाण्याआधी आईचं सगळं करतात. साडीच्या निऱ्यासुद्धा घालून देतात. सोसायटीतल्या बायकांना ते माहीत आहे. “नवरा असावा तर असा,” सोमण काकू मला सांगतात. “देवमाणूस हो तुझे बाबा.” मी हो म्हणते. ते चांगले आहेतच. पण तेच हुक, तीच नाडी, मी करत होते तेव्हा ते कौतुकाचं नव्हतं, मुलीचं काम होतं. आईची बोटं आता वाकली ती वाकलीच. पुढे एकदा तिला लष्करी हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. तेही त्यांनी माझ्याकडे बघूनच म्हटलं. मी कॉमर्सला गेले, कारण कॉमर्सचं कॉलेज सकाळचं होतं आणि घराजवळ.

बाबांची रजा संपली तो माझ्या भूगोलाच्या पेपरचा दिवस होता. शेवटचा पेपर. पुढे खाडीपलीकडून त्यांना गाडी पकडायची होती, म्हणून ते रिक्षात ट्रंक आणि होल्डॉल घालून मला केंद्रावर सोडायला आले. उन्हात फाटकाबाहेर मुलींचे घोळके उभे होते. कुणाची आई नकाशावर बोट ठेवून नद्या विचारत होती, कुणाचे वडील छत्री धरून होते. बाबा गणवेशात, त्यामुळे सगळे बघायला लागले. मला ते नको होतं. मी पॅड छातीशी धरून उभी राहिले.

“पेन्सिल?”

“आहे.”

“मी तिकडे गेलो की लगेच अर्ज टाकतो,” ते खाली बघून म्हणाले. “या वेळी आजारपणाचं लिहून. सहा महिने लागतील, वर्ष लागेल कदाचित. तोवर...”

“साहेब, पुलावर ट्रॅफिक असतो,” रिक्षावाला म्हणाला.

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, काढला आणि ते रिक्षात बसले. मी रिक्षा वळेपर्यंत उभी होते. ते मान बाहेर काढतील आणि वाक्य पुरं करतील असं मला वाटत होतं. मग घंटा झाली. आत जाऊन मी नंबर शोधला, बसले, नाव न लिहिताच समोरच्या कोऱ्या पानाकडे बघत राहिले. वाक्य अर्धं राहिलंच नव्हतं. त्याचा उरलेला भाग मी होते.

पेपर सोपा होता. बाहेर आल्यावर मुली एकमेकींवर शाई उडवत होत्या, बर्फाचे गोळे खात होत्या. “चल ना, आता कुठे घाई आहे तुला,” एकीने माझी ओढणी धरली. मी सोडवून घेतली आणि घरी आले.

आई खुर्चीत बसली होती, पाठ दाराकडे, केस मोकळे सोडलेले. सकाळी बाबांच्या जाण्याच्या गडबडीत विंचरायचे राहिले होते. मंदार गॅलरीत एकटाच गोट्या खेळत होता. मी चप्पल काढली, हात धुतले, फणी घेतली.

“गेले?” तिने विचारलं. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बोलली.

“गेले.”

“त्यांच्यासमोर रडली नाहीस ना?”

“नाही.”

“शहाणी आहेस.”

केसांत खाली गुंता झाला होता. मी तो सोडवत बसले नाही. फणी वरून घातली आणि जोरात खाली ओढली. तिची मान मागे आली. मी पुन्हा ओढली.

मग थांबले. “दुखलं?”

“नाही,” आई म्हणाली.